फायब्रोमायल्जियात मसाज घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर कायम दुखणं आणि थकवा असणाऱ्या जुनाट आजाराचं, निदान होऊन वर्ष होत आलं. गोळ्यांनी थोडा फरक आहे, पण मान, खांदे, पाठ आणि मांड्या कायम ठणकतात. कुणीतरी सुचवलं म्हणून डीप टिश्यू मसाज, म्हणजे स्नायूंच्या खोल थरांपर्यंत जोर लावून केलेला मसाज, घेतला. ‘आत गाठी झाल्यात, त्या मोडल्याशिवाय दुखणं जायचं नाही, जरा सहन करा,’ असं मसाज करणाऱ्या बाईंनी सांगितलं. तासभर दातओठ खाऊन सहन केलं आणि पुढचे चार दिवस अंथरुणातून उठवेना. घरचे म्हणतात, पहिल्यांदा असंच होतं, अजून दोन-तीनदा जाऊन बघ. जावं, की मसाजचा विचारच सोडावा?

तशा मसाजला पुन्हा जाऊ नका. मसाजवर मात्र इतक्यात फुली मारू नका. तुम्हाला जे मिळालं ते या आजारासाठी नव्हतंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जुनाट दुखण्याच्या रुग्णांना हाताने उपचार देण्यातच माझी बरीच वर्षं गेली. फायब्रोमायल्जियाच्या बहुतेक रुग्णांकडून मसाजची पहिली हकिकत हीच ऐकायला मिळते, म्हणून जरा मुळापासून सांगते.

‘गाठी मोडणे’ या कल्पनेमागे असं गृहीत धरलेलं असतं की बिघाड स्नायूत आहे. फायब्रोमायल्जियात दुखतं स्नायूत, पण मुख्य बिघाड असतो तो दुखणं मोजणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. स्नायू तपासले तर सूज किंवा झीज सापडत नाही, रक्तातले सूज दाखवणारे आकडेही बहुधा नॉर्मल येतात. २००२ साली रिचर्ड ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. निरोगी माणसाला जितकं दुखायला बराच जास्त दाब लागत होता, तितकंच दुखणं या रुग्णांना खूपच कमी दाबाला होत होतं, आणि मेंदूतल्या दुखण्याशी संबंधित जागाही तशाच उजळत होत्या. म्हणजे तुम्ही नाजूकपणा करत नव्हता. मसाज करणाऱ्या बाईंच्या हाताला जो दाब ‘मध्यम’ वाटत होता, तो तुमच्या मेंदूपर्यंत खरोखरच दुप्पट होऊन पोहोचत असेल.

यात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि मसाजच्या दृष्टीने मला त्या सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की तोच स्पर्श, तितक्याच दाबाने, एकाच जागी लागोपाठ केला तर या आजारात प्रत्येक वेळी दुखणं चढत जातं. निरोगी माणसातही हे थोडं होतं, इथे ते जास्त होतं आणि उतरायला जास्त वेळ घेतं. म्हणून एकाच जागी अंगठ्याने दहा वेळा घासणं ही फायब्रोमायल्जियातली सगळ्यात वाईट पद्धत. पहिल्या दोन वेळा ठीक वाटतं, सहाव्या-सातव्या वेळेला कळ डोक्यात जाते, आणि करणाऱ्याला कळतच नाही की आपण वेगळं काय केलं.

दुसरी गोष्ट ‘दुखून बरं वाटण्या’ची. अवघडलेला खांदा कुणी जोरात दाबला की आधी ‘आई गं’ होतं आणि मग हायसं वाटतं, हे सगळ्यांच्या अनुभवातलं आहे. त्यामागे एक यंत्रणा आहे: एका ठिकाणी जोराची कळ आली की मेंदू खाली मज्जारज्जूकडे दुखणं दाबून टाकणारे संदेश पाठवतो. फायब्रोमायल्जियाच्या पुष्कळ रुग्णांमध्ये हीच यंत्रणा दुबळी पडलेली असते. त्यामुळे कळ येते, पण मागून येणारा आराम येत नाही. ‘दुखलं म्हणजे काम झालं’ हा मसाजच्या धंद्यातला जुना समज इथे साफ उलटा पडतो तो यामुळे.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून काढते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० साली निदानाचे निकष ठरवले. त्यात अंगावरच्या १८ जागा होत्या. साधारण ४ किलोचा दाब दिल्यावर त्यातल्या किमान ११ जागा दुखल्या तर फायब्रोमायल्जिया म्हणायचं. २०१० मध्ये निकष बदलले आणि दाबून बघण्याची अट गेली. आता शरीराच्या किती भागांत दुखतं, झोप, थकवा आणि विसराळूपणा किती आहे, तीन महिने तरी हे चाललं आहे का, यावरून निदान होतं. पण त्या १८ ठिपक्यांचा तक्ता अजून पुष्कळ ठिकाणी भिंतीवर लटकलेला दिसतो आणि काही मसाज करणारे तो ‘कुठे दाबायचं’ याचा नकाशा समजतात. तो नकाशा निदानासाठी होता. त्या जागा नेमक्या दाबून काढणं म्हणजे रुग्णाची रोज परीक्षा घेणं.

मग स्नायूत खऱ्या गाठी नसतातच का? असतात. फायब्रोमायल्जियासोबत खांद्याच्या किंवा कमरेच्या स्नायूत ताठ दोऱ्यासारखा पट्टा आणि त्यात दुखरी जागा असणं नेहमीचं आहे. तिथे दाबलं की कळ दुसरीकडे, उदाहरणार्थ मानेतून कपाळाकडे, जाते. त्यावर काम करता येतं आणि कधीकधी डोकेदुखीला चांगला उतारही पडतो. फक्त एका बैठकीत एक, फार तर दोन जागा घ्यायच्या. जागेवर बोट टेकवायचं, ‘जाणवतंय, पण सहज श्वास घेता येतोय’ इतकाच दाब ठेवायचा आणि स्नायू आपणहून सैल व्हायची वाट बघायची. अर्ध्या-पाऊण मिनिटात सैल झाला नाही तर सोडून द्यायचं. त्याच्याशी झटापट करायची नाही.

आता अभ्यास काय सांगतात ते. २०१४ साली नऊ चाचण्या, मिळून चारशेच्या आसपास रुग्ण, असा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पाच आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मसाज चालू ठेवला तर दुखणं, चिंता आणि नैराश्य यांत फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी २००२ मध्ये टिफनी फील्ड यांच्या छोट्या अभ्यासात अर्ध्या तासाचा मसाज आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे दिला होता. नुसत्या शिथिलीकरणाच्या गटाशी तुलना करता मसाजच्या गटाची झोप वाढली. दुसऱ्या बाजूला, युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली शिफारशी सुधारल्या तेव्हा मसाजची शिफारस केली नाही, कारण चाचण्या लहान आणि ढिसाळ होत्या. त्या यादीत एकाच उपायाला ठाम शिफारस मिळाली: व्यायाम.

या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत असं माझं मत आहे. मसाजने फायब्रोमायल्जिया बरा होत नाही. जो ‘दहा सेशनमध्ये मुळापासून’ म्हणतो त्याच्यापासून दूर राहा. बेताने दिलेला मसाज काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत अंग हलकं करतो, झोप सुधारतो, आणि त्या मोकळ्या वेळात रुग्णाला हालचाल करायला जमतं. माझ्या लेखी त्याची खरी किंमत झोप आणि हालचाल या दोन गोष्टींत आहे. झोपेचं महत्त्व तर फार जुनं आहे: १९७५ साली हार्वे मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मोडून पाहिली, तेव्हा त्यांचंही अंग दुखू लागलं आणि दाबल्यावर कळा येऊ लागल्या. म्हणून मसाजनंतर मी पहिला प्रश्न ‘दुखणं किती कमी झालं’ असा विचारत नाही, ‘रात्री झोप कशी लागली’ असा विचारते.

पहिल्या बैठकीला जाण्याआधी काही गोष्टी स्पष्ट करून घ्या. चालू असलेल्या गोळ्यांची नावं सांगा. प्रेगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे मसाजनंतर आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, मिनिट-दोन मिनिटं पाय खाली सोडून थांबायचं आणि मगच उभं राहायचं. प्रेगॅबालिनने पावलांवर थोडी सूज येऊ शकते. ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांना, त्यातून सोबत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर, त्वचेखाली काळे-निळे डाग लवकर पडतात. असे डाग दिसले तर दाब जास्त झाला असं समजा आणि डॉक्टरांच्याही कानावर घाला. रक्त पातळ करणारी औषधं, हाडांचा ठिसूळपणा, कर्करोगाचे उपचार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज घेऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. एकदा निदानाचा शिक्का बसला की प्रत्येक नवं दुखणं ‘त्यातलंच असेल’ म्हणून सोडून दिलं जातं, घरच्यांकडून आणि कधी डॉक्टरांकडूनही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मसाज अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यावर दिसणारी सूज, ताप, कारण नसताना घटणारं वजन, हातापायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, छातीत दुखणं यातलं काहीही फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवू नका. आमवातासारखे आजार याच्याबरोबर असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

आता प्रत्यक्ष मसाज. पहिली बैठक वीस मिनिटांची, जास्तीत जास्त अर्ध्या तासाची असावी. पूर्ण अंगाचा मसाज पहिल्या दिवशी नकोच. पाठ आणि खांदे, किंवा मान आणि हात, किंवा नुसते पाय: एवढंच. सगळं अंग दुखत असताना एवढ्याशा भागाने काय होणार, असं वाटतं. पण हा उपचार मज्जासंस्थेवर आहे. पाऊल आणि पोटरी नीट शांत झाली की मानेचा ताण उतरलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. उलट, फार भाग एकदम घेतला तर मेंदूला एका वेळी इतकी माहिती पोहोचते की ती त्याला झेपत नाही.

दाबासाठी शून्य ते दहा अशी मोजणी ठरवून घ्या. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. हाताखालची संवेदना तीनच्या वर जाऊ द्यायची नाही. यात एक मेख आहे. बहुतेक बायका मुळात ‘चालेल, चालेल’ म्हणणाऱ्या असतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सहाला तीन म्हणतात. म्हणून मी आकड्यांपेक्षा श्वासाकडे आणि पायांच्या बोटांकडे बघते. श्वास अडला, बोटं आखडली, कपाळाला आठी पडली की दाब जास्त आहे, तोंडाने काहीही म्हटलं तरी. तुमच्या बाजूने तुम्हीही हे ओळखायला शिका. मसाज सुरू असताना आपण श्वास धरून ठेवलाय असं लक्षात आलं की लगेच बोला.

हलका स्पर्श म्हणजे सुखाचा स्पर्श, असंही नाही. काहींना कपड्याचा काठ टोचतो, केसांवरून हात फिरवला तरी झोंबतं. अशांना पिसासारखा वरवरचा स्पर्श दाबण्याहूनही नकोसा होतो. उन्हाने भाजलेल्या कातडीवरून कुणी बोटं फिरवली तर जसं होईल तसं ते असतं. तिथे उपयोगी पडतो तो पूर्ण तळवा: उबदार, सपाट, न हलणारा. पाठीवर किंवा पोटरीवर तळवा टेकवायचा आणि श्वासाच्या पाच-सहा आवर्तनांपर्यंत तसाच ठेवायचा. त्वचेला त्याची सवय झाली की मग हळूहळू सरकवायचा.

हळू म्हणजे किती हळू, हेही सांगते, कारण बहुतेकांची गती फारच जास्त असते. आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की ते सावकाश, प्रेमळ स्पर्शालाच चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाला. मी सेकंदाला ३ सेंटीमीटर धरून चालते. कोपरापासून मनगटापर्यंत हात साधारण २५ सेंटीमीटर असतो, म्हणजे तेवढं अंतर जायला आठ सेकंद लागले पाहिजेत. करून बघा, सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं इतकं ते हळू आहे. एका भागावरून चार-पाच वेळा हात गेला की पुढे सरकायचं, पुन्हा पुन्हा तिथेच नाही.

खोली उबदार हवी. गार हवेने, गार हाताने अंग आखडतं आणि पुढचं सगळं वाया जातं. तेल बिनवासाचं घ्या. या आजारात वास, उजेड आणि आवाज यांचाही त्रास पुष्कळांना होतो, आणि सुगंधी तेलाने उठलेली अर्धशिशी मसाजच्या माथी मारली जाते. संगीत लावण्याआधी विचारलं गेलं पाहिजे. पालथं झोपून मान एका बाजूला वळवून अर्धा तास पडणं फायब्रोमायल्जियात बहुतेकांना झेपत नाही. कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटाशी एक उशी, वरचा हात तिच्यावर. पाठ आणि खांद्याचं काम या स्थितीत उत्तम होतं. खुर्चीत बसून टेबलावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकूनही करता येतं. कपडे न काढता मसाज हवा असेल तर तसं सांगा. त्यात कमीपणा काही नाही आणि परिणामही फारसा कमी होत नाही.

मसाज चालू असताना अचानक रडू येणं इथे नवं नाही. वर्षानुवर्षं ‘तुझे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे ऐकलेल्या माणसाला कुणी सावकाश, विश्वासाने हात लावला की बांध फुटतो. करणाऱ्याने अशा वेळी हात स्थिर ठेवावा, पाणी द्यावं, पुढे चालू ठेवायचं का एवढंच विचारावं. ‘आत साठलेलं बाहेर पडतंय’ वगैरे प्रवचन करू नये.

प्रकारांबद्दल थोडक्यात. मायोफेशियल रिलीज, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणाला सावकाश, तेल न लावता ताण देणं, यावरचे अभ्यास इतरांपेक्षा आश्वासक आहेत. लसिकावहनाचा, म्हणजे त्वचेखालचा द्रव पुढे सरकवणारा, हलका मसाजही पुष्कळांना मानवतो. नेहमीचा स्वीडिश मसाज, म्हणजे तेल लावून लांब हात फिरवत केलेला, बेताने दिला तर चालतो. डीप टिश्यू, कपिंग (त्वचेवर पेले लावून ती ओढून घेणं), पाठीवर पाय देऊन करायचे प्रकार, मसाज गन (ठोके देणारं हातातलं यंत्र) आणि मसाजची खुर्ची टाळा. गन आणि खुर्ची तर मुद्दाम सांगते, कारण त्या एकाच जागी मिनिटाला शेकडो ठोके देतात, आणि लागोपाठच्या स्पर्शाने दुखणं कसं चढतं ते वर आलंच आहे. फोम रोलर, म्हणजे फोमचं नळकांडं, जमिनीवर ठेवून त्यावर लोळणंही नको; त्यात अख्ख्या शरीराचं वजन एका पट्ट्यावर येतं.

मसाज कसा झाला याचा निकाल टेबलावर लागत नाही, पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत लागतो. एक साधी वही करा. त्या रात्रीची झोप, दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळेला दुखणं किती, आणि तिसऱ्या दिवशी थकवा किती, एवढ्याच तीन नोंदी. पाळी येणाऱ्या बायकांनी तारीखही लिहावी, कारण काहींना त्या दिवसांत स्पर्श जास्त बोचतो. दुसऱ्या दिवशी थोडं जड वाटून संध्याकाळपर्यंत उतरलं तर चिंता नको. अठ्ठेचाळीस तास उलटूनही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी दाब निम्मा करा. तरीही तसंच झालं तर वेळ कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने बाधलं ते कळतं. तुमच्या बाबतीत चार दिवस झोपून राहावं लागलं, त्यामुळे ‘पहिल्यांदा असंच होतं’ हे घरच्यांचं म्हणणं मला मान्य नाही. डोस फार मोठा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी सांगेल की स्नायूतली विषारी द्रव्यं सुटली म्हणून अंग दुखलं, भरपूर पाणी प्या, निघून जातील. पाणी प्यायला हरकत नाही, पण मसाजने असली कुठली विषं बाहेर पडत नाहीत. लॅक्टिक ॲसिडचं नाव घेतात, तर ते व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर आपणच निस्तरतं. दुखलं ते जास्त दाबल्यामुळे, आणि हे मान्य केलं तरच पुढच्या वेळी दाब कमी होईल.

आणखी एक सापळा आहे, त्यात हुशार माणसंसुद्धा अडकतात. मसाज छान झाला, अंग मोकळं झालं, मग त्या उत्साहात घरातली सगळी तुंबलेली कामं एका दुपारी उरकली. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं आणि दोष मसाजला. त्या दिवशी कामाची यादी नेहमीचीच ठेवा, वाढवू नका. अंग मोकळं झालंय त्याचा उपयोग दहा मिनिटं सावकाश चालण्यासाठी करा, किंवा गरम पाण्याच्या टाकीत हातपाय हलवता येत असतील तर त्यासाठी. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक-दोन मिनिटं वाढवायची. मी मसाजची वेळच अशी देते की त्यानंतर रुग्णाला चालायला उजेड आणि उसंत असेल.

किती वेळा घ्यावा? जमत असेल तर सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-सहा आठवडे. महिन्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा आठवड्याला वीस मिनिटं केव्हाही चांगली. हे खर्चाच्या आणि वेळेच्या दृष्टीने सगळ्यांना परवडत नाही, म्हणून घरच्यांचे हात कामाला लावा. त्यांना कसलंही शास्त्र शिकायची गरज नाही. झोपण्याआधी दहा मिनिटं, फक्त तळवा आणि बोटं वापरून हात किंवा पावलं. वर सांगितलेली गती आणि तीनच्या आतला दाब. आधी ‘आत्ता हात लावू का?’ असं रोज विचारायचं, कारण कालचं ‘हो’ आज लागू नसतं. ‘थांब’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, ‘एवढंच राहिलंय’ नाही. नवऱ्याला, मुलीला किंवा आईला हे वाचायला द्या. घरच्यांना काहीतरी करायची फार इच्छा असते आणि काय करावं ते कळत नसतं; हे त्यांना जमतं, आणि रुग्णाला आपलं दुखणं खरं मानलं जातंय हे हातातून कळतं.

घरात कुणी नसेल तर स्वतःचं स्वतः करा. एका हाताच्या तळव्याने दुसरा हात मनगटाकडून खांद्याकडे, मांडीवर पाऊल घेऊन तळपाय. पाठीसाठी मऊ चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून हलकं टेकायचं. पाय थोडे मागे-पुढे केले की दाब कमीजास्त होतो आणि तो पूर्ण तुमच्या ताब्यात राहतो. आधी दहा-पंधरा मिनिटं शेकून घेतलं तर अधिक चांगलं, मात्र शेकायची पिशवी लावून झोपी जाऊ नका आणि जिथे बधिरपणा आहे तिथे शेकू नका.

मसाज करणारी व्यक्ती निवडताना प्रमाणपत्र बघाच, पण फोनवरच एक प्रश्न विचारा: ‘मध्येच मला दुखलं तर तुम्ही काय करता?’ ‘दाब कमी करते’ किंवा ‘थांबते, विचारते’ असं उत्तर आलं तर जाऊन बघा. ‘थोडं सहन करावंच लागतं’ असं आलं तर तिथे जाऊ नका, ती व्यक्ती इतरांसाठी कितीही नावाजलेली असो. फायब्रोमायल्जिया हा शब्द तिने आधी ऐकलेला नसला तरी एकवेळ चालेल. ऐकून घेण्याची तयारी नसेल तर चालणार नाही.

दुखणं खूप उसळलेलं असेल त्या दिवशी ठरलेली वेळ रद्द करावी का, हे बरेचदा विचारलं जातं. समोरची व्यक्ती नुसते तळवे टेकवून पंधरा मिनिटं बसायला तयार असेल तर जा. नसेल तर पुढे ढकला, आणि ढकलल्याची खंत बाळगू नका. तुम्ही आत्ता तर दोन आठवडे काहीच करू नका. अंग पूर्वीच्या पातळीला येऊ दे, रोजचं थोडं चालणं चालू ठेवा, आणि मग वीस मिनिटांच्या, फक्त पाय किंवा फक्त हातांच्या बैठकीने सुरुवात करा. सहा आठवड्यांनी वही उघडून झोपेच्या नोंदी बघा. झोप सुधारली असेल तर चालू ठेवा. झोपेत, दुखण्यात, चालण्यात कशातच फरक नसेल तर मसाज थांबवा आणि तोच वेळ नि पैसा पाण्यातल्या व्यायामाला द्या.